संमतिपत्र फक्त सहलीचंच?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत पाटीपूजन असतं. पाटीवर एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, झेंडूची फुलं, आपट्याची पानं, शेवटी मूठभर साखरफुटाणे. मागच्या खेपेला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शाळेचा निरोप आला : 'सर्व विद्यार्थ्यांनी पारंपरिक वेशात उपस्थित राहावे.' त्याखाली एका आईने लिहिलं, 'सर, यायलाच हवं का?' रात्रीपर्यंत ग्रुप तापला. औरंगजेब आला, फाळणी आली, मदरशांचं अनुदान आलं, कुणीतरी फ्रान्सपर्यंत जाऊन आलं. दुसऱ्या बाजूने फुले आले, दाभोलकर आले, संविधानाची उद्देशिका फोटोसकट आली. त्या आईचं आडनाव मुस्लीम होतं हे वेगळं सांगायला नको; सगळ्यांना आधी तेच दिसलं, प्रश्न नंतर. प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असू शकत होतं. ते शाळेने दिलं नाही, आणि शाळेकडे कुणी मागितलंही नाही.

विद्यार्थ्यांमध्ये धर्मनिरपेक्षता कशी रुजवायची यावरची आपली बहुतेक चर्चा अशीच, प्रश्नाला वळसा घालून चालते. एक पक्ष म्हणतो, मुलांना आपली संस्कृती कळू द्या, बाकी सगळं परदेशी खूळ आहे. दुसरा म्हणतो, धर्माची सगळी चिन्हं फाटकाबाहेर काढून मगच आत या. तिसरा, परिपत्रकं काढणारा, म्हणतो की स्नेहसंमेलनात सर्वधर्मसमभावाचं एक नृत्य बसवा. तिघांचं भांडण खरं असलं तरी एका गोष्टीवर एकमत आहे : जे काही करायचं ते मुलांनी. मला हे मुळातच उलटं वाटतं. धर्मनिरपेक्षता हे शाळेवरचं बंधन आहे. शिक्षकाच्या जिभेवरचं, मुख्याध्यापकांच्या सहीवरचं. मूल कुठल्या देवाला हात जोडतं याच्याशी तिला कर्तव्य नाही. शाळा आपली सत्ता कुठल्या देवाच्या दिमतीला देते, एवढंच ती विचारते. शाळाच हे बंधन पाळत नसेल तर नागरिकशास्त्राचा धडा मुलं दोन मार्कांसाठी पाठ करतील आणि विसरतील. आपणही तेच केलं.

'धर्मनिरपेक्ष' की 'पंथनिरपेक्ष' या वादात मी शिरत नाही. उद्देशिकेच्या मराठी पाठात पहिला शब्द आहे, हिंदीत दुसरा. तो 1976 साली 42 व्या घटनादुरुस्तीने आला हे खरं, पण कलम 28 त्याच्या किती तरी आधीपासून, पहिल्या दिवसापासून आहे, आणि शाळेपुरतं बोलायचं तर तेवढं पुरे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावायचं नाही. पालकाची संमती! शाळेची सहल रायगडाला निघाली की दप्तरातून संमतिपत्र घरी येतं. रक्तगट, औषधाची अ‍ॅलर्जी, शेजाऱ्यांचा फोन, 'काही बरंवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही', खाली आईची नाहीतर वडिलांची सही. गड चढायला संमती लागते. पूजेला बसवण्यासाठी मात्र, जिथे ती घ्या असं खुद्द संविधान सांगतं, तिथे असा कागद माझ्या तरी बघण्यात आलेला नाही; ना आमच्या शाळेत, ना मिशनऱ्यांच्या, ना कुठल्या उर्दू शाळेत. ज्यांना 'फक्त आम्हालाच का?' असं वाटतं त्यांनी हे कलम पुन्हा वाचावं. कॉन्व्हेंटमध्ये डोळे मिटून येशूची प्रार्थना म्हणणाऱ्या जोशी-पाटलांच्या मुलांनाही ते तितकंच लागू आहे. त्यांचे पालक तक्रार करत नाहीत, कारण अ‍ॅडमिशन मोठ्या मुश्किलीने मिळालेली असते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मी हलका करून मांडणार नाही. शाळेतून सण काढून घेतले तर उरतं काय? स्वतःची शाळा आठवली की मला बीजगणित आठवत नाही, दहीहंडीला भिजलेला गणवेश आठवतो. आमच्या वर्गात गणपतीच्या आराशीचे कागद कातरायला सर्वांत पुढे असायचा तो एका ताशेवाल्याचा मुलगा, आणि त्याच्या घरी त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. संस्कृती आणि धर्म यांची शिवण उसवायला गेलं तर बऱ्याचदा कापडच फाटतं, हे मला मान्य आहे. पण संस्कृतीची एक साधी खूण आहे : तिला हजेरीपट लागत नाही. जत्रेत कुणी हजेरी घेत नाही, तरी माणसं मावत नाहीत. मग 'ही तर आपल्या सगळ्यांची संस्कृती' म्हणणाऱ्या शाळेला 'सर्वांनी उपस्थित राहावे' असं बजावावं का लागतं? जे खरोखर सगळ्यांचं आहे त्याला सक्तीची गरज काय? आणि जे सगळ्यांचं नाही त्याची सक्ती चालवून कशी घ्यायची? तो ताशेवाल्याचा मुलगा हौसेने यायचा, आणि त्याची हौस हा आमच्या शाळेचा मोठेपणा होता. त्याच्या जागी हौस नसलेला मुलगा असता तर शाळेने काय केलं असतं, ही खरी परीक्षा. आणि ती आमच्या शाळेने दिलीच नाही.

एका मुख्याध्यापकांनी मला याहून अवघड प्रश्न विचारला. म्हणाले, 'फॉर्म मी उद्या छापून घेतो हो. पण "नाही"वर खूण करणारा पहिला पालक कोण? आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराचं वर्गात काय होईल, ते तुम्ही येऊन बघणार का?' बोलणं खरं आहे. पन्नास मुलांमधून एकाला उठून वाचनालयात जाऊन बसायला सांगणं म्हणजे त्याच्या कपाळावर शिक्का मारण्यासारखंच. पण यातून सरांना हवा तो निष्कर्ष निघत नाही. जिथे 'नाही' म्हणायची भीती वाटते तिथल्या हजेरीला संमती कोण म्हणेल? त्यापेक्षा पूजा शाळा सुटल्यावर ठेवा. ज्याला थांबायचं तो थांबेल, बाकीचे दप्तर उचलून घरी जातील, आणि घरी जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. कुणाची शिकवणी असते, कुणाची रिक्षा. अर्ध्या तासाचा फरक आहे. पण त्या अर्ध्या तासाने ओझं योग्य खांद्यावर जातं.

'आमच्या प्रार्थनेत वाईट काय आहे, सांगा!' हे आपल्याकडचं लाडकं आव्हान. त्याचा निकाल 1986 सालीच लागला आहे. केरळातल्या एका शाळेत यहोवा विटनेस या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण गात नसत. वर्षानुवर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं. 1985 मध्ये एका आमदाराला ते खुपलं, विधानसभेत प्रश्न आला आणि मुलांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालय म्हणालं, राष्ट्रगीतात कुणाच्या धर्माला दुखावणारा एकही शब्द नाही, तेव्हा तक्रार कसली? सर्वोच्च न्यायालयात न्या. चिनप्पा रेड्डी यांनी तो प्रश्नच बाजूला सारला. शब्द निर्दोष आहेत की नाहीत हा मुद्दा नाही, मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे का हा आहे. ती आहे, तेव्हा मुलांना परत घ्या. आणि हे राष्ट्रगीताबद्दल, ज्याच्यावर आपल्या सगळ्यांचं प्रेम आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला पुन्हा तेच सांगावं लागलं. शिक्षकाची ही गत, तर सातवीतल्या पोराची काय?

आता स्नेहसंमेलन. एक मुलगा फेटा बांधून, एक जाळीची टोपी घालून, एक पगडीत, एका मुलीच्या गळ्यात पुठ्ठ्याचा क्रूस. चौघं हात धरून गोल फिरतात, पालक मोबाइल वर धरतात, पाहुणे राष्ट्रीय एकात्मतेवर बोलतात. या नाचाने कुणाचं वाईट होत नाही, पण मूल त्यातून शिकतं काय? टोपी म्हणजे मुसलमान, क्रूस म्हणजे ख्रिश्चन. म्हणजे माणसाला ओळखायचं ते चिन्हावरून. आणि नाच संपल्यावर त्याच शाळेच्या शिक्षक-खोलीत जी मराठी बोलली जाते तिच्यात 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' हे दोन शब्द फार महत्त्वाचे असतात. 'तुमच्यात हे चालतं का?' 'तुमच्यात मामाच्या मुलीशी करतात ना?' 'तुझं मराठी किती छान आहे गं, तुमच्यात असून!' बोलणाऱ्या बाईंच्या मनात विष नसतं, बऱ्याचदा कौतुकच असतं. पण जिचे आजोबा-पणजोबा याच मातीत गेले त्या पाचवीतल्या मुलीला त्या दिवशी कळतं की, आपण कशाच्या तरी बाहेर आहोत आणि छान मराठी बोलून आत यायची परवानगी मिळवली आहे. असं एक वाक्य वर्गातल्या सगळ्यांसमोर पडलं की, एकात्मतेचे दहा नाच बसवले तरी ते पुसलं जात नाही.

यासाठी मला ज्यूल फेरी आठवतात. फ्रान्सचा दाखला आपल्याकडे नेहमी हिजाबबंदीसाठी देतात, म्हणून मुद्दाम. ज्या शिक्षणमंत्र्याने तिथल्या सरकारी शाळेतून धर्मशिक्षण बाहेर काढलं, त्याने 1883 मध्ये शिक्षकांना एक पत्र लिहिलं. सार असं की, वर्गात एखादं तत्त्व सांगण्याआधी मनाशी विचारा : समोरच्या मुलांपैकी कुणाचा एखादा जरी प्रामाणिक बाप हे ऐकून दुखावला जाईल का? दुखावला जाणार असेल तर ते बोलू नका. जबाबदारी कुणावर? शिक्षकावर. एकशे एकवीस वर्षांनी, 2004 मध्ये, त्याच देशाने सरकारी शाळेत डोक्याला रुमाल, ज्यू टोपी, मोठा क्रूस घालून येण्यावर कायद्याने बंदी घातली. जबाबदारी कुणावर? मुलांवर. दोन्हींना नाव एकच, लाईसिते, म्हणजे तिकडची धर्मनिरपेक्षता. माझ्या मते पहिली धर्मनिरपेक्षता आहे आणि दुसरी तिची सावली, जी माणसाहून मोठी दिसते.

आपल्याकडे 2024 मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बिल्ले अशा गोष्टींवर बंदी घातली. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला बऱ्याच अंशी अंतरिम स्थगिती दिली आणि कॉलेजला विचारलं, उद्या टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का? या प्रश्नाला टाळ्या पडल्या. मला तो पुरेसा वाटत नाही. समजा कॉलेज म्हणालं असतं, 'हो, टिकलीही बंद', तर बंदी न्याय्य ठरली असती का? मग सगळ्यांवर सारखाच अन्याय झाला असता, एवढंच. आणि इथे दुसऱ्या बाजूचं सर्वांत खरं म्हणणं मान्य केलंच पाहिजे. बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरचा रुमाल तिने स्वतः निवडला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तो तोंडी तलाकच्या विरोधात, म्हणजे घरातल्याच सत्तेविरुद्ध. धर्मनिरपेक्षता म्हणजे अल्पसंख्याकांच्या घरातल्या जुलमाकडे काणाडोळा, असा अर्थ ज्यांनी केला त्यांनी दलवाईंना एकटं पाडलं, आणि आजचे पुरोगामीही त्या दोषातून सुटलेले नाहीत. पण फाटक बंद केल्याने मुलगी रुमाल काढून आतच येईल, हे कशावरून? ती मागे वळून घरीही जाऊ शकते. आणि घरी गेली की ज्या बापाच्या नाहीतर भावाच्या सत्तेची आपल्याला काळजी, त्याच्याच हातात ती पुन्हा पूर्णपणे जाते. सात बायका रस्त्यावर उतरल्या त्या कुणी त्यांना दार लावून नव्हे.

निरपेक्ष वागणं म्हणजे काय, याचा एक छोटा नमुना आपल्या सरकारनेच 2023 च्या शेवटी घालून दिला होता. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, आणि जो अंडं खात नाही त्याला केळं. शेजारी शेजारी दोन ताटं, कुणाच्या धर्माची चौकशी नाही, कुणावर जबरदस्ती नाही, दोघांच्याही पोटात काही तरी गेलं. धर्मनिरपेक्षतेवरची पाच भाषणं या एका पंगतीवरून मी ओवाळून टाकेन. त्यावर काय गदारोळ झाला तो आपण पाहिला, आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्यांसाठीचा सरकारी निधी थांबला. हवं तर लोकवर्गणीतून करा, असं सांगितलं गेलं. पैशाचं कारण खरं असेलही. पण आपलं केळं मिळत असताना शेजारच्या ताटातल्या अंड्याने ज्यांचा धर्म बाटत होता, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

एक आक्षेप मात्र मला अजून सतावतो. निरपेक्ष वागायला वर्गात वेगवेगळी मुलं तरी हवीत. ती आहेत कुठे? मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते; त्यातली उर्दू माध्यमाची शाळा व्यवहारात कुणाची झाली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. 1992-93 च्या दंगलीनंतर वस्त्या पांगल्या, मुंब्रा फुगलं, आणि शाळा वस्तीच्या मागोमाग गेल्या. तिकडच्या मुलाला इकडचा मित्र नाही, इकडच्याला तिकडचा नाही; एकमेकांची ओळख मोबाइलवर आलेल्या व्हिडिओतून. यावर उत्तर सोपं नाही, कारण वेगळं राहण्यामागेही कारण असतं. राजर्षी शाहूंनी 1896 मध्ये सर्व जातींसाठी वसतिगृह काढलं. त्यात हळूहळू एकाच जातीचं वर्चस्व झालं, तेव्हा 1901 पासून त्यांनी मराठा, जैन, मुस्लीम, लिंगायत, अस्पृश्य अशी स्वतंत्र वसतिगृहं उभी केली. 'सर्वांसाठी खुलं' या पाटीखाली फक्त बलवानच आत जात असतील तर दुबळ्याने स्वतःचं छप्पर शोधलं तर बिघडलं काय? अल्पसंख्याकांच्या संस्थांमागचं तर्कशास्त्र हेच आहे, आणि ते मी खोटं म्हणणार नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही, म्हणून तर ती सांगायची. त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी अस्पृश्यांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच जेवायला बसायला सांगितलं. त्याने नकार दिला आणि तो बोर्डिंगबाहेर गेला. तो मुलगा भाऊराव पाटील. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये सातारला वसतिगृह. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान पोरं एका चुलीवर, पाळीपाळीने पीठ मळत, भाकऱ्या थापत. धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा दागिना जाई. शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1927 मध्ये गांधीजी येऊन गेले, वसतिगृहाला त्यांच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथे सर्वधर्मसमभावाचा तास होता का? असेल, नसेल. भाकरी कुणी थापली हे विचारून खायची सोय मात्र नव्हती. आणि पोरांना एका पंगतीला बसवण्याआधी भाऊरावांनी त्यांच्याकडून कुठली शपथ घेतली नाही. त्यांनी चूल एक ठेवली.

उत्तर आयर्लंडमध्ये याच्या उलट झालं. कॅथलिकांच्या शाळा वेगळ्या, प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या, आणि पुढे दोन्हीकडे 'परस्पर सामंजस्य' अभ्यासक्रमात आलं. 1981 मध्ये बेलफास्टच्या काही पालकांनी वैतागून स्वतःच दोन्हीकडच्या मुलांसाठी लॅगन कॉलेज ही शाळा सुरू केली, मुलं अठ्ठावीस. 1998 च्या शांतता करारातही एकत्र शिक्षणाला उत्तेजन द्यायचं कलम आलं. तरी आज चार दशकांनंतर तिथली दहा टक्के मुलंही अशा शाळांत नाहीत. तेव्हा एकत्र बाक हे परिपत्रकाने होणारं काम नाही, हे कबूल. पण महापालिकेच्या एकाच इमारतीत दोन माध्यमांच्या शाळा भरतात तिथे मधली सुट्टी एक ठेवायला, प्रयोगशाळा आणि कबड्डीचा संघ एक करायला कुठल्या कराराची वाट बघायची?

राहता राहिलं घर. 'पोरगं चोवीस तासांतले पाच तास शाळेत, बाकी वेळ घरात नि मोबाइलवर. शाळा काय डोंबल करणार?' मूल घरी काय ऐकतं यावर शाळेचा ताबा नाही, खरंच आहे. पण मुलाच्या आयुष्यातलं पहिलं सरकार म्हणजे शाळा. तहसीलदार, फौजदार, न्यायाधीश त्याला पुढे भेटतील. आधी भेटतात त्या वर्गावरच्या बाई. खोडी दोघांनी काढली आणि अंगठे एकालाच धरायला लावले, तर सरकार कुणाचं असतं हे मूल त्याच दिवशी शिकतं; आणि बाईंनी आडनाव न बघता दोघांना धरायला लावले, तर तेही. घर त्याला देव देईल, द्यावाच. देवावरून न्याय बदलत नाही, हे बघायला मिळण्याची पहिली जागा मात्र तो वर्ग आहे.

त्या आई मला नंतर बाजारात भेटल्या. मी विचारलं, मग मुलीला पाठवलंत का? म्हणाल्या, 'पाठवली की. तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या, आणि सरस्वती वर्गात तिच्याइतकी नीट कुणाला काढता येत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, नाही पाठवली तर चालेल का.' भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या म्हणाल्या, 'ते काही अजून कळलं नाही बघा.'